ऑनलाइन विक्री आणि आयकर : भरल्या गाडीचे वजन आणि निव्वळ माल



शेती खात्याच्या या पानावर आपण नेहमी लागण, बेणे, हुमणी, खोडवा यांविषयी वाचता. या वेळी विषय निराळा घेतला आहे, कारण अलीकडे गट ऑफिसात प्रश्नही निराळे येतात. "सूनबाई मोबाईलवरून मसाले विकते, तिच्या पैशातून आयकर कापलाय, आता काय?" "पोराने माझ्या पॅनवर दुकान उघडलंय, माझ्या ऊसबिलाला काही होणार नाही ना?" असे प्रश्न चार-दोन जण तरी विचारून जातात. ऊसबिलाला काही होत नाही, एवढे उत्तर देऊन भागत नाही. म्हणून हा पाठ.

मी कर सल्लागार नाही. कृषी पदविकेवर या खात्यात आलेला माणूस आहे. परंतु नियम वाचून, हिशेब मांडून जे समजले ते सभासदांना समजेल अशा भाषेत सांगणे हे आमच्या खात्याचे कामच आहे. ज्याची उलाढाल मोठी आहे त्याने जाणकार कर सल्लागाराकडे जावे. हा पाठ लहान विक्रेत्यासाठी आहे.

उदाहरणाला कर्जत आणि खालापूर हे तालुके घेतले आहेत. कर्जत म्हटले की आपल्याकडे नगरकडचे कर्जत डोळ्यांपुढे येते. हे ते नव्हे. बोरघाट उतरला की खाली लागते ते रायगड जिल्ह्यातले कर्जत, आणि त्याला लागून खोपोली-रसायनीचा खालापूर तालुका. माझे मूळ गाव तिकडचे. आपल्या कित्येक सभासदांच्या मुली तिकडे दिलेल्या आहेत, मुले तिकडच्या कारखान्यांत नोकरीला आहेत. हा भाग उसाचा नाही, भाताचा आहे. कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, आणि 'कर्जत' नावाच्या भाताच्या जाती तिथूनच निघाल्या. जमीन थोडी, पाऊस गेला की शेतीचे काम थोडे, आणि लोकल गाडीने मुंबई हाताशी. म्हणून तिकडच्या घरांत ऑनलाइन विक्रीचा जोडधंदा चांगला धरला आहे. कोणी घरचा तांदूळ विकते, कोणी नर्सरीची रोपे, कोणी मसाला-पापड, तर कोणी उल्हासनगरहून कपडा आणून पुढे पाठवते. हीच चार दुकाने आपण उदाहरणाला घेऊ. आपल्याकडे गूळ पावडर विकणारे आहेत, त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

१. कोण कळवते आणि काय कळवते

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या ऑनलाइन बाजारपेठा स्वतः माल बनवत नाहीत. विकणारा आपला माणूस, घेणारा गिऱ्हाईक, आणि मधला मांडव त्यांचा. पैसे मात्र आधी त्यांच्याकडे जमा होतात. म्हणून सरकारने ठरवले की विक्रीची खबर याच मांडववाल्याकडून घ्यावी. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९४-ओ घालण्यात आले आणि ते १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाले. त्यानुसार विक्रेत्याला पैसे देताना कंपनीने उगमाच्या जागीच थोडा कर कापायचा, सरकारात भरायचा आणि कोणाच्या पॅनवर किती विक्री झाली ते कळवायचे. कायद्यात आधी ही कपात १ टक्का होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून ती ०.१ टक्का झाली, म्हणजे हजाराला एक रुपया.

लहान विक्रेत्याला सवलतही आहे. विक्रेता एकटी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, त्या कंपनीमार्फत वर्षाची एकूण विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि त्याने पॅन किंवा आधार दिले असेल, तर कपात होत नाही. ही मर्यादा प्रत्येक कंपनीसाठी वेगळी मोजतात. पॅन दिलेच नाही तर मात्र कपात ५ टक्के. आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेले पॅन दिले, तरी ते न दिल्यासारखेच धरतात. हजाराला एक रुपया आणि हजाराला पन्नास रुपये, एवढा हा फरक आहे. म्हणून पहिले काम, पॅन आधारशी जोडलेले आहे की नाही ते पाहणे.

कंपनीने कळवलेले आकडे आयकर खात्याच्या पोर्टलवर आपल्या नावापुढे दिसतात. तिथे 'वार्षिक माहिती विवरण' आहे, लोक त्याला एआयएस म्हणतात. जीएसटी नोंदणी असलेल्याची जीएसटी विवरणात दाखवलेली उलाढालही त्यात येते. बँकेचे व्याज, जमिनीचा व्यवहार, सारे एका ठिकाणी. आपण दुकान चालवतो हे सरकारला ठाऊक नसेल, अशी समजूत आता कोणी ठेवू नये.

आणखी एक गोष्ट. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन पैसे थेट आपल्या खात्यावर घेतले तर मध्ये कापणारा कोणी नाही. पण कपात नाही म्हणजे उत्पन्न नाही, असे होत नाही. ते उत्पन्न आपल्या हिशेबात आपणच धरायचे असते.

२. भरले वजन आणि रिकामे वजन

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. कंपनी कळवते तो आकडा एकूण विक्रीचा असतो. आयकर लागतो तो नफ्यावर. या दोहोंमध्ये किती अंतर असते हे ऊस उत्पादकाला वेगळे शिकवायला नको.

आपली गाडी वजनकाट्यावर येते. आधी भरल्या गाडीचे वजन होते. गव्हाणीत ऊस उतरला की रिकाम्या गाडीचे वजन होते. दोन्ही वजा जाता राहील तो निव्वळ ऊस. त्यानंतर टनाचा दर लागतो, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, सोसायटीचे कर्ज वजा होते, आणि उरेल ते खात्यावर. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. म्हणून आपल्या खात्यावर टनाला पूर्ण ३,५५० रुपये पडतात का? नाही. तोडणी-वाहतूक गेल्यावर काय राहते ते आपण जाणतोच.

ऑनलाइन विक्रीत एआयएसमधला आकडा म्हणजे भरल्या गाडीचे वजन. रिकाम्या गाडीचे वजन, म्हणजे परत आलेला माल, कंपनीचे कमिशन, कुरिअर, कच्चा माल, पॅकिंग, मजुरी, यांचा हिशेब कोणी आपल्या वतीने करत नाही. कारखान्याच्या काट्यावर रिकामी गाडी आपोआप तोलली जाते. इथे ती विक्रेत्याने स्वतः आणून काट्यावर उभी करायची असते. नाही केली तर भरले वजनच निव्वळ ठरण्याचा धोका असतो.

धोका किती मोठा, ते आकड्यांत पाहा. समजा, वर्षाची विक्री १५ लाख आणि खरा नफा २ लाख. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या कर पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. नफा २ लाख धरला तर कर शून्य. परंतु हिशेबच नाही म्हणून १५ लाख हेच उत्पन्न धरले गेले, तर ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० रुपये, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० रुपये, पुढच्या ३ लाखांवर १५ टक्क्यांनी ४५,००० रुपये. एकूण १,०५,००० रुपये, आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून १,०९,२०० रुपये. नफ्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम. माल तोच, माणूस तोच. फरक फक्त वहीचा.

असल्या वादाची आपल्या सहकारी साखर कारखान्यांना चांगली ओळख आहे. सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा जास्त दर कारखान्यांनी उसाला दिला, तेव्हा आयकर खात्याने वरची रक्कम खर्च न मानता नफ्याची वाटणी मानली आणि तिच्यावर कर मागितला. कारखान्यांचे म्हणणे, हा उसाच्या खरेदीचा खर्च आहे. हा वाद वर्षानुवर्षे चालला. सरकारने ठरवलेल्या अगर मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च धरण्याची तरतूद २०१६-१७ या कर आकारणी वर्षापासून आली. त्याआधीच्या वर्षांचा प्रश्न २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सोडवला गेला, आणि जवळजवळ १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असे त्या वेळी सांगण्यात आले. मोठमोठ्या कारखान्यांना 'नफा की खर्च' या एका शब्दासाठी इतकी वर्षे झगडावे लागले. मग घरी बसून मसाला विकणाऱ्या बाईने कागदाशिवाय कसे निभावून न्यावे?

३. एक नमुना हिशेब

समजा, कर्जत तालुक्यातल्या एका बाईंचा मसाल्याचा धंदा आहे. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

वर्षाची एकूण विक्री : ६,४०,००० रु.
वजा परत आलेला माल : ५२,००० रु.
प्रत्यक्ष विक्री : ५,८८,००० रु.

खर्च पुढीलप्रमाणे.
मिरची, धणे, खडा मसाला, तेल : २,७०,००० रु.
कंपनीचे कमिशन व कुरिअर : १,१८,००० रु.
मजुरी : ४०,००० रु.
पाकिटे, लेबल, खोकी : ३४,००० रु.
डंखाची कांडणावळ व वीज : २६,००० रु.
एकूण खर्च : ४,८८,००० रु.

निव्वळ नफा : १,००,००० रु.

एकूण विक्री ५ लाखांवर गेली म्हणून हजाराला एक रुपया याप्रमाणे साधारण ६४० रुपये कापले जातील. बाईंचे दुसरे उत्पन्न नाही असे धरले तर १ लाखावर कर बसत नाही. म्हणजे हे ६४० रुपये त्यांचेच आहेत. परंतु ते आपोआप परत येत नाहीत. विवरणपत्र भरले तरच परत मिळतात. "सहाशे रुपयांसाठी कोण खटपट करतो?" असे काही जण म्हणतात. पण ही खटपट सहाशे रुपयांपुरती नाही. विवरणपत्र भरले की ६ लाख ४० हजारांच्या विक्रीपुढे १ लाखाचा नफा आपल्या हाताने लिहिला जातो. पुढे विचारणा झाली तर उत्तर आधीच दिलेले असते. शिवाय बँकेत कर्ज मागायला गेल्यावर हेच कागद उपयोगी पडतात.

ज्यांना खर्चाची एवढी वही ठेवणे जमत नाही त्यांच्यासाठी कायद्यात अंदाजित नफ्याची सोय आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४-एडी मध्ये आहे. बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के नफा दाखवायचा, मग खर्चाच्या वह्या मागत नाहीत. उलाढाल २ कोटींच्या आत हवी, आणि रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांहून जास्त नसतील तर ३ कोटींपर्यंत चालते. वरच्या उदाहरणात ५,८८,००० चे ६ टक्के म्हणजे ३५,२८० रुपये. पण इथे 'किमान' हा शब्द महत्त्वाचा आहे. खरा नफा १ लाख झाला असेल तर १ लाखच दाखवावा. तसेच दुसऱ्याचा माल कमिशनवर विकणाऱ्याला ही सोय मिळत नाही.

४. शेतीचे उत्पन्न कुठे संपते?

सभासदांचा हमखास प्रश्न, "शेतीला आयकर नाही ना? मग शेतातला माल मोबाईलवर विकला तर काय बिघडलं?" कुठे विकले याने काही बिघडत नाही. विकण्याआधी मालाचे काय केले, याने फरक पडतो.

आपल्या शेतातला माल, बाजारात न्यावा एवढ्यापुरती नेहमीची शेतकरी-प्रक्रिया करून विकला, तर ते शेती उत्पन्न. मळणी, उफणणी, वाळवण, भरणी ही त्यातली कामे. त्यापुढची प्रक्रिया सुरू झाली की धंदा सुरू होतो. आपली चार दुकाने या दृष्टीने पाहू.

रोपे : स्वतःच्या नर्सरीत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न कायद्याने शेती उत्पन्न मानले आहे. कर्जत-खालापूरच्या नर्सरीवाल्यांना ही मोठी सोय आहे. मात्र दुसऱ्या नर्सरीतून रोपे आणून तशीच पुढे विकली तर तो व्यापार.

तांदूळ : भात होते तसे विकले तर शेती. भात भरडून, निवडून, पाकिटात भरून, नाव घालून विकले तर भाताच्या बाजारभावाएवढा भाग शेतीचा आणि वरची कमाई धंद्याची, असे धरून चालणे सुरक्षित.

मसाला-पापड आणि आणलेला कपडा : हा सरळ धंदा. मिरची घरच्या शेतातली असेल तर तिची बाजारभावाने किंमत लावून तेवढी वेगळी काढता येते.

गूळ पावडर : ही आपल्या सभासदांची बाब. ऊस जसा आहे तसा विकला जातो, त्याला बाजार आहे. म्हणून गुऱ्हाळाचा भाग वेगळा काढावा. १९६२ च्या आयकर नियमांतील नियम ७ याच कामाचा आहे. समजा, घरच्या १० टन उसाची बाजारभावाने किंमत ३०,००० रुपये. त्याची पावडर ६३,००० रुपयांना विकली. गाळप, जळण, मजुरी, पॅकिंग मिळून खर्च १८,००० रुपये. मग ६३,००० मधून ३०,००० आणि १८,००० वजा जाता १५,००० रुपये धंद्याचा नफा. ते ३०,००० शेतीचे, त्यातून लागवडीचा खर्च जाऊन उरेल ते शेती उत्पन्न.

शेती उत्पन्न करमुक्त असले तरी ते अगदीच बाजूला राहत नाही. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर इतर उत्पन्नाला कोणता दर लावायचा हे ठरवताना शेतीचा आकडा मिळवून पाहतात. म्हणून तोही खरा लिहावा. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाखांवर असेल तर जमिनीचा तपशीलही विवरणात द्यावा लागतो. उसाच्या पावत्या आणि बिले त्यासाठी जपून ठेवावीत.

५. पॅन कोणाचे, धंदा कोणाचा

खेड्यात सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. मुलगा अठराचा, त्याला पॅन काढायचा कंटाळा. मग वडिलांचे पॅन, काकांचे बँक खाते आणि वहिनीचा मोबाईल, असे तिघांचे मिळून एक दुकान उभे राहते. सहा महिने बरे चालते. नंतर सारी विक्री वडिलांच्या नावावर दिसू लागते, पैसे काकांच्या खात्यावर दिसतात, आणि ज्याने धंदा केला त्याचे नाव कुठेच नाही.

यात केवळ आयकराचा प्रश्न नाही. पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात. परंतु शेतकरी कुटुंबातील कोणी मागील कर आकारणी वर्षात आयकर भरला असेल तर ते कुटुंब अपात्र ठरते. राज्याची नमो शेतकरी योजना याच यादीवर चालते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या अटींतही घरात आयकरदाता नसावा आणि कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, असे आहे. आता पाहा, वडिलांना निवृत्तिवेतन आहे, त्यावर मुलाच्या दुकानाची विक्री चढली आणि खर्चाचा हिशेब नाही म्हणून कर भरावा लागला. कर गेला तो गेलाच, घरातल्या योजनाही अडचणीत आल्या.

याच्या उलट भीतीही लोक बाळगतात. "विवरणपत्र भरलं की आपण आयकरदाते, मग योजना बंद." पीएम-किसानच्या अटीत शब्द आहे तो आयकर 'भरलेल्या' व्यक्तीचा. शून्य कराचे विवरणपत्र देणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीतीपोटी विवरणपत्र न भरणाराच पुढे अडचणीत येण्याचा संभव जास्त.

म्हणून नियम एकच : धंदा करील त्याचे पॅन, त्याचेच बँक खाते, त्याचीच वही. पत्नीच्या धंद्याला पतीने भांडवल बक्षीस म्हणून दिले, तर त्या भांडवलाच्या प्रमाणात नफा पतीच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. उसने दिले असेल तर तसे लिहून ठेवावे आणि खरोखर परत घ्यावे.

बचत गटाच्या भगिनींनी एक गोष्ट जास्त ध्यानात ठेवावी. ५ लाखांची सवलत एकट्या व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. गटाच्या पॅनवर दुकान असेल तर कपात पहिल्या रुपयापासून होते. रक्कम लहान असते, पण ती परत मिळवायला गटाच्या नावाने विवरणपत्र भरावे लागते. गटाच्या नावाने विकायचे की सदस्यांनी आपापल्या नावाने, हे आधी बैठकीत ठरवून ठराव लिहावा.

६. विवरणपत्र कोणी भरायचे

उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल त्याने भरायचेच. उत्पन्न कमी असूनही काही जणांना ते सक्तीचे आहे : धंद्याची उलाढाल वर्षाला ६० लाखांवर गेलेला, वर्षात एकूण २५,००० रुपये किंवा जास्त कर कपात झालेला (ज्येष्ठ नागरिकांना ही मर्यादा ५०,०००), बचत खात्यात वर्षभरात ५० लाख किंवा जास्त जमा झालेला, वर्षाला १ लाखावर वीजबिल भरलेला. कापलेला कर परत हवा असेल त्यानेही भरावे.

ऊस उत्पादकासाठी एक खास अडचण सांगतो. अंदाजित नफ्याच्या लहान व्यावसायिकाला 'सुगम' नावाचा सोपा नमुना क्रमांक ४ आहे. पण शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त असेल तर तो नमुना चालत नाही, नमुना क्रमांक ३ भरावा लागतो. एकरभर ऊस असला तरी ५,००० ची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून शेजाऱ्याने सोपा नमुना भरला तसा आपणही भरू, असे करू नये.

१ एप्रिल २०२६ हा नव्या आयकर कायदा २०२५ च्या अंमलाचा दिवस आहे. नव्या कायद्यात 'मागील वर्ष' आणि 'कर आकारणी वर्ष' यांच्या जागी 'कर वर्ष' हा एकच शब्द आहे, आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ चा हिशेब मात्र जुन्या कायद्याप्रमाणेच. या पाठातली कलमे जुन्या क्रमांकांनी दिली आहेत, कारण लोकांच्या तोंडी तीच आहेत. मुदतीची तारीख दर वर्षी पोर्टलवर पाहावी.

७. जीएसटीविषयी थोडेसे

आयकर आणि जीएसटी ही दोन वेगळी खाती आहेत, त्यांची गल्लत करू नये. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पूर्वी ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याला मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला, पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन, राज्यातल्या राज्यात विकता येते. कर्जतहून नागपूरला पाकीट गेले तर चालेल. तेच बंगळूरला गेले तर नोंदणी हवी. नोंदणी असलेल्याच्या पैशातून कंपनी जीएसटीपोटीही थोडी रक्कम घेते. १० जुलै २०२४ पासून ती अर्धा टक्का आहे, आणि ती आपल्या जीएसटी खात्यावर जमा दिसते.

८. हे फक्त आपल्याकडेच आहे काय?

नाही. अमेरिकेत अशा कंपन्या १०९९-के नावाच्या नमुन्यात विक्री कळवतात. तिथे २०२१ च्या कायद्याने वर्षाला ६०० डॉलरवरची विक्री कळवायचे ठरले. घरातले जुने सामान विकणाऱ्यांनाही कागद येणार म्हणून गोंधळ माजला, अंमल पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने मर्यादा परत २०,००० डॉलर व २०० व्यवहार अशी झाली. युरोपीय संघात २०२३ पासून कंपन्या कळवतात. वर्षाला ३० पेक्षा कमी व्यवहार आणि २,००० युरोपर्यंत विक्री असलेल्या माल-विक्रेत्याला त्यातून वगळले आहे. सगळीकडे कळवला जातो तो ठोक आकडा, आणि सगळीकडे खर्च दाखवण्याचे काम विक्रेत्याचे.

आपल्या शेजारी कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये काय झाले ते तर ताजे आहे. यूपीआयने जमा झालेल्या रकमा पाहून लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. त्यांत दूध-भाजी विकणारेही होते, ज्यांच्या मालावर हा करच नाही. बोंब झाली, आणि जुनी वसुली करणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. आकडा खोटा नव्हता. पण तो कशाचा आकडा, हे त्यात लिहिलेले नव्हते.

९. वही कशी ठेवावी

दोनशे पानी वही पुरते. पुढील रकाने आखावेत : तारीख, ऑर्डर क्रमांक, मालाची किंमत, परत आला काय, कंपनीची एकूण कपात, खात्यावर जमा रक्कम. मागच्या पानांवर खर्च : तारीख, कोणाकडून, काय, किती, बिल आहे काय. मिरचीवाला बिल देत नसेल तर निदान साध्या कागदावर सही घ्यावी आणि शक्य तर पैसे ऑनलाइन द्यावेत.

महिनाअखेरीस कंपनीचे हिशेबपत्रक उतरवून घ्यावे. तीन महिन्यांनी एआयएस उघडून वहीशी ताडून पाहावे. चुकीचा आकडा दिसला, एकच रक्कम दोनदा दिसली, किंवा दुसऱ्याचा व्यवहार आपल्या नावावर दिसला, तर त्याच ठिकाणी अभिप्राय नोंदवण्याची सोय आहे. ती वापरावी. वह्या व बिले सात-आठ वर्षे जपावीत. उंदीर-वाळवीपासून बियाणे जपतो तशीच.

अभ्यासासाठी तीन प्रश्न

(१) आपल्या घरातील ऑनलाइन दुकान कोणाच्या पॅनवर आहे आणि धंदा प्रत्यक्ष कोण करते?
(२) गेल्या महिन्यात विक्री किती आणि नफा किती? दोन्ही आकडे वेगवेगळे सांगता येतात काय?
(३) पॅन आधारशी जोडलेले आहे काय?

तिन्हींची उत्तरे चटकन देता आली तर आयकराच्या मेसेजला भिण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रश्नाला अडखळलात तर आजच वही घाला. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडव्याच्या खत मात्रेविषयी.

कळावे,

ऊस विकास अधिकारी, शेती खाते